ड्रॅगन मारण्याचा परवाना

ड्रॅगनच्या तोंडात जाऊन मी मेलो, तेव्हा रविवार होता आणि दुपारचे चार वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगतोय, कारण चौतीस वर्षं महसूल खात्यात काढलेल्या माणसाला दिनांक आणि वेळ टाकल्याशिवाय मरतासुद्धा येत नाही. मेलो तो खेळात. पण अपमान झाला तो अगदी खरा, आणि तोही सावेडीतल्या माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच खुर्चीवर, शेजाऱ्यांदेखत.

खेळ आमच्या राजनंदिनीचा. म्हणजे तिनं विकत आणलेला नव्हे, स्वतः तयार केलेला. पोरगी पुण्याला बँकेत चांगली चिकटली होती. ती नोकरी सोडून नगरला परत आली आणि म्हणाली, "पप्पा, मी खेळ बनवणार आहे." मला वाटलं, कॅरमसारखं काहीतरी असेल. कॅरमला माझी ना नव्हती. पण या खेळाला ना पट, ना सोंगट्या. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि "आता मी हे करतो" असं तोंडानं सांगायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंच्या एका फाशावर ठरायचं. वीस पडले तर डोंगर हलवाल, एक पडला तर स्वतःच्याच पायात पाय अडकून पडाल. मी म्हणालो, "अगं, हे तर आमच्या ऑफिसात रोज चालायचं. फासा तेवढा नव्हता."

ती हसली नाही. तिचं सगळं त्या खेळावर होतं. पुण्यात असे खेळ छापणारी एक कंपनी आहे. तिथल्या भारती मॅडम महिन्यानं, चौथ्या रविवारी, आमच्या घरी येऊन खेळ प्रत्यक्ष रंगतो का ते बघणार होत्या. रंगला तर छापणार, नाहीतर नमस्कार. तोवरचे तीन रविवार सराव करायला तिला माणसं हवी होती, आणि तिची सगळी मित्रमंडळी पुण्यात. "माणसं मी देतो," मी म्हणालो. माणसं देणं सोपं होतं. सही देणं अवघड होतं.

ही सहीची भानगड आताच सांगून टाकतो. घरच्या पत्त्यावर व्यवसायाची नोंदणी करायची तर घरमालकाचं संमतीपत्र लागतं, आणि घरमालक मी. ती परत आली त्याच आठवड्यात तिनं तो कागद माझ्यापुढे ठेवला होता. मी वाचला आणि समासात पेन्सिलीनं शेरा मारला, 'खोलीचे क्षेत्रफळ नमूद नाही.' तिनं ते लिहून आणलं. मग मी लिहिलं, 'वीजबिलाची प्रत अस्पष्ट.' तिनं स्पष्ट आणली. तिसरा शेरा काही सुचेना, म्हणून कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला, त्याला दोन महिने झाले. खरं सांगायचं तर कागदात खोट काहीच नव्हती. सही केली की बँकेची नोकरी कायमची गेली, हे मला कबूल करावं लागणार होतं, आणि ते माझ्याच्यानं होत नव्हतं.

तर माणसं. खालच्या मजल्यावरचे भिमाजीराव, नागापूरच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं लेथ मशीन चालवून निवृत्त झालेले. शेजारच्या झुंबरबाई, मूळच्या सोनईच्या, सत्तरी ओलांडलेल्या. अख्ख्या कॉलनीची आवक-जावक गॅलरीत बसून त्या तोंडपाठ ठेवतात. समोरचा वाल्मिक, ज्याचं कचेरीच्या रस्त्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आणि आमच्या सौ. सविताबाई. भिमाजीराव तलवारबहाद्दर झाले, झुंबरबाई जादूगारीण, वाल्मिक चोर, सविता वैदू आणि मी अर्थातच सेनापती.

राजनंदिनीनं पडदे ओढले आणि आवाज खाली आणला. "काजळगडावर ड्रॅगन उतरलाय. पायथ्याच्या राखेवाडीतली तीन घरं त्यानं जाळली. अमावस्येला तो अख्खी वाडी जाळणार. तुम्ही पाच वीर वेशीवर उभे आहात. काय कराल?"

माझ्या अंगावर काटा आला. मग भिमाजीरावांनी घसा खाकरला.

"गड कुणाच्या नावावर हाय?"

"म्हणजे, काका?"

"सात-बारा कुणाचा? उद्या तितं मारामारी झाली आन् मालकानं आपल्यावर केस टाकली, तर?"

"तीन घरं जळाली त्याचा पंचनामा झालाय का?" वाल्मिकनं विचारलं.

"त्या जनावराला कुणी काई खायाला घातलं का न्हाई?" झुंबरबाई म्हणाल्या. "उपाशी असंल बिचारं."

पोरीचा चेहरा पडला. मला राहवेना. पुढाऱ्यानं अशा वेळी पुढं व्हायचं असतं.

"मी गुहेत जातो," मी म्हणालो.

"पप्पा, एकटे?"

"सेनापती आहे मी."

"जाऊन काय करता?"

"त्याला नाव, वय आणि राहण्याचं ठिकाण विचारतो."

तिनं फासा माझ्या हातात दिला. मी तो कुलदैवताचं नाव घेऊन टाकला. एक पडला.

"ड्रॅगननं तुम्हाला खाल्लं," राजनंदिनी हळूच म्हणाली.

"उत्तर न देता?"

"उत्तर न देता."

चार वाजून वीस मिनिटं. खेळ सुरू होऊन पुरता अर्धा तास झाला नव्हता. मी तसाच बसून राहिलो, तर सविता म्हणाली, "मेलात ना? मग उठा आणि कोथिंबीर निवडा." बाहेर खेळ चालू, हशा चालू, आणि सेनापती स्वयंपाकघरात कोथिंबिरीची मुळं खुडतोय. आमच्या खात्यात माणूस मेला तर निदान अर्धा दिवस सुट्टी तरी मिळते.

संध्याकाळी पोरगी नियमांचं पुस्तक घेऊन आत आली. माझा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं. "पप्पा, इथं एक ओळ आहे बघा," ती म्हणाली. ओळ अशी होती: 'काजळगड शहरात शस्त्र बाळगण्यास, जादू करण्यास व गडावर चढण्यास परवाना आवश्यक. फी प्रत्येकी दहा मोहरा.' "तो परवाना देणारा माणूस तुम्ही व्हा. नुसतं बसण्यापेक्षा बरं."

मी ती ओळ तीनदा वाचली. "परवाना देणारा सक्षम प्राधिकारी कोण? मुदत किती? नूतनीकरण कधी? नाकारला तर अपील कुणाकडे?"

"पप्पा, तो खेळ आहे!"

"म्हणून काय कसाही चालवायचा?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत मी स्टेशनरीवाल्याच्या पायरीवर उभा होतो. दोनशे पानी रजिस्टर, लाल-निळी पेन्सिल, शाईचं पॅड. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत सकाळी उठायला मला इतकं बळ कधी आलं नव्हतं. शनिवारपर्यंत त्या एका ओळीचे एक्केचाळीस नियम झाले. त्यातला नियम चौदा मला फार आवडला होता: 'विनापरवाना शस्त्राने अथवा जादूने केलेला वार लागू होणार नाही, फासा काहीही पडो.' राजनंदिनी तो वाचून खळखळून हसली आणि म्हणाली, "राहू द्या." पुण्याहून आल्यापासून मी तिला प्रथमच हसवलं होतं. म्हणून मग नियम राहिला.

दुसऱ्या रविवारी दाराजवळ छोटं टेबल टाकून परवाना शाखा सुरू झाली. वाल्मिकनं दुकानातून छापील अर्जच आणले, 'प्रति, मा. परवाना अधिकारी, काजळगड' असे. मला भरून आलं. भिमाजीरावांनी तर तलवारीचं मापं टाकलेलं ड्रॉइंग जोडलं, बाजूनं आणि वरून. "भाऊसाहेब, पातं चौतीस इंच. मुठीला आटे पाडलेत, हात घसरायचा न्हाई." सेवानिवृत्तीनंतर त्यांनाही कुणी काही बनवायला सांगितलं नव्हतं. त्यांचा चेहरा दिवाळीच्या बोनसच्या दिवशीसारखा झाला होता.

झुंबरबाईंना मी जादूच्या अनुभवाचा दाखला मागितला.

"पन्नास वर्सं वली लाकडं फुकून चूल पेटवली," त्या म्हणाल्या. "दोन जावा आन् एक सासू सांबाळली. आनखी कंची जादू दावू?"

मी शेरा लिहिला, 'अनुभव ग्राह्य. पुरावा जोडावा.' वाल्मिकनं चोरीच्या परवान्यासाठी अर्ज केला. चोरीला परवाना लागत नाही, असं मी परोपरीनं सांगितलं, पण तो म्हणाला, "साहेब, पुढं अडचण नको." सविताला जडीबुटी गोळा करायला परवानगी हवी होती. मी ओळखपत्र मागितलं.

"मला ओळखत नाही का तुम्ही?"

"कार्यालयात कुणी कुणाला ओळखत नाही."

त्या दिवशी जेवायला बसलो तर ताट रिकामं. "वाढण्याचा अर्ज केला होता का?" असं विचारण्यात आलं. ते असो.

मुद्दा असा की, सहा वाजेपर्यंत एकही वीर शहराच्या बाहेर पडला नव्हता आणि सगळे खुशीत होते. प्रत्येक अर्जाला दोन मोहरांचा फॉर्म, एका मोहरेचा स्टॅम्प, त्रुटी निघाली की पुन्हा नवा फॉर्म. थैल्या हलक्या होत होत्या, पण कुणाची तक्रार नव्हती. इतकी वर्षं फुकट फेऱ्या मारलेली माणसं पहिल्यांदा मजेसाठी फेऱ्या मारत होती. "ड्रॅगनकडे कोण निघतंय?" राजनंदिनीनं दोनदा विचारलं.

"थांब ग पोरी," भिमाजीराव म्हणाले, "आदी कागदं क्लिअर होऊ दे."

पुढच्या आठवड्यात प्रकरण दिवाणखान्याबाहेर गेलं. सकाळी सहाला दुधाच्या रांगेत भिमाजीरावांनी मोठ्यांदा विचारलं, "भाऊसाहेब, माज्या तलवारीचं काय झालं?" मी म्हणालो, "टिपणी वर गेलीय." दूधवाल्यानं आमच्याकडे बघत माप ओतलं ते निम्मं बाहेर. त्यातच वाल्मिकनं हौसेनं एक फ्लेक्स छापून आमच्या फाटकावर बांधला: 'काजळगड संस्थान, शस्त्र परवाना शाखा. वेळ: रविवार, दुपारी ४ ते ६.' खाली माझा मोबाईल नंबर. माझं नाव मात्र त्याच्याकडून चुकून राहून गेलं, याचं मला मनातून वाईट वाटलं.

बुधवारी दारात एक माणूस उभा राहिला. पांढरी टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची भेंडोळी.

"भाऊसाहेब, बंदुकीच्या लायसनचं हितंच का?"

हा छगन, बेलापूरचा. उसात बिबट्यानं ठाण मांडलंय, गोठ्यातून कालवड उचलून नेलीय, म्हणून बंदुकीसाठी सहा महिने टेबलामागून टेबल फिरतोय. टपरीवर चहा पिताना कुणीतरी त्याला सांगितलं की सावेडीत नवी शाखा निघालीय. आता इथं मी लगेच खरं सांगायला हवं होतं. पण समोर अर्जदार, हातात कागद. माझा हात आपोआप चष्म्याकडे गेला. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, तासभर त्याचे सगळे कागद क्रमानं लावले, पानांना आकडे टाकले, वर अनुक्रमणिका लिहिली. आणि मग सांगितलं की, बाबा रे, हा खेळ आहे.

"म्हंजी हे खोटं ऑफिस हाय?"

"हो."

"तरीच खुर्ची दिली," तो म्हणाला.

मी त्याला चांगलं खणखणीत पत्र लिहून दिलं आणि कागद कुठल्या टेबलावर द्यायचे ते सांगितलं. जाताना म्हणाला, "रविवारी येऊ का? तुमचं जनावर बगतो." मी म्हणालो, ये.

गुरुवारी एक हवालदार आले. फ्लेक्स वाचून त्यांनी हसू दाबलं आणि म्हणाले, "काका, बोर्ड काढा." मी म्हणालो, "लेखी द्या." ते सविताकडे बघू लागले. सवितानं एक शब्द न बोलता विळी आणली, दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्स खाली घेतला. हल्ली तो आम्ही स्कूटर झाकायला वापरतो. 'शस्त्र परवाना' ही अक्षरं नेमकी सीटवर येतात.

तिसरा रविवार हा माझ्या कारकिर्दीचा कळस म्हणायला हवा. सगळे अर्ज त्रुटींसह परत केले होते. भिमाजीरावांच्या अर्जावर फोटो नव्हता, झुंबरबाईंचा पुरावा नव्हता. मग आंदोलन पेटलं. भिमाजीरावांनी माझ्या कार्यालयासमोर उपोषण जाहीर केलं. झुंबरबाई तर खरोखरच जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. पोहे आले तेव्हा उठल्या, कारण उपोषण साखळी पद्धतीचं होतं आणि त्यांची पाळी संपली होती. वाल्मिकनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: मागील दोन रविवारांत किती परवाने देण्यात आले? मी शाईनं उत्तर दिलं, 'निरंक.' छगन कोपऱ्यात बसून पोट धरून हसत होता. मला वाटलं, खेळ रंगला म्हणजे आणखी किती रंगायचा!

एवढ्यात राजनंदिनीनं पुस्तक मिटलं.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, "पप्पा, तीन वर्षं मी त्या ड्रॅगनवर काम केलंय. त्याच्या पंखांचा आवाज लिहायला मला महिना लागला. तो आवाज अजून कुणी ऐकलाच नाही. पुढच्या रविवारी मॅडम येतील आणि रांग बघून परत जातील."

"अगं, पण मंडळींना आवडतंय."

"मलाही आवडतंय. तेच तर..." ती थांबली. "खेळातल्या अर्जांवर तुम्ही निदान शेरा तरी मारता. माझा कागद दोन महिने काचेखाली आहे."

मला खूप काही म्हणायचं होतं. तू नोकरी सोडलीस तेव्हा मी कुणाला तोंड दाखवू शकत नव्हतो, हे म्हणायचं होतं. तू हसतेस तेव्हा मला वाटतं की नोकरी गेली तर गेली, हेही म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "प्रकरण विचाराधीन आहे."

ती आत निघून गेली. मला माझी लाज वाटली. चौतीस वर्षांत हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही.

चौथ्या रविवारी चारच्या ठोक्याला भारती मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा, मांडीवर वही. चहा नको म्हणाल्या. छगन राखेवाडीचा गावकरी झाला होता. राजनंदिनीनं पडदे ओढले.

"अमावस्या," ती म्हणाली. "वारा पडलाय. राखेवाडीतली कुत्री एकदम गप्प झालीत. आणि मग वरून आवाज येतो. ओलं घोंगडं कुणीतरी दगडावर आपटतंय. एकदा. थांबून पुन्हा एकदा. चुलीतली राख आपोआप वर उडायला लागते."

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. भिमाजीराव खुर्चीच्या कडेवर आले. मीसुद्धा वर बघितलं, छताकडे. तिचा ड्रॅगन आला होता! एक महिन्याचं ते काम एका वाक्यात माझ्या अंगावरून सरसरत गेलं, आणि मला वाटलं, अरे, हे मी दोन रविवार अडवून धरलं होतं.

"पहिलं घर पेटलं," ती म्हणाली.

"मी तलवार काढतो!" भिमाजीराव ओरडले. "मानंवर घाव!" फासा टाकला. एकोणीस! आम्ही सगळे उभे राहिलो. वाल्मिकनं शिट्टी मारली.

राजनंदिनी माझ्याकडे बघत होती. "नियम चौदा," ती अगदी शांतपणे म्हणाली. "परवाना नाही. वार लागला नाही. दुसरं घर पेटलं."

भारती मॅडमची पेन्सिल थांबली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर, आणि माझ्यापुढं चार अर्ज, चारही अपुरे. एकावर फोटो नाही, एकाला पुरावा नाही. थैल्यांत फीपुरत्याही मोहरा उरलेल्या नाहीत, सगळ्या फॉर्मात आणि स्टॅम्पात गेलेल्या. माझा हात सवयीनं लाल पेन्सिलीकडे गेला. हात माझा होता, पण त्याला चौतीस वर्षांची सवय होती.

"भाऊसाहेब," छगन कोपऱ्यातून म्हणाला. आता तो हसत नव्हता. "कागद पुरा हुईस्तवर जनावर थांबत न्हाई. माजी कालवड थांबली हुती का?"

मी पेन्सिल खाली ठेवली आणि पेन उचललं.

"चारही परवाने मंजूर," मी म्हणालो. "त्रुटींची पूर्तता नंतर. कार्योत्तर मंजुरीच्या अधीन राहून. फी माझ्या पगारातून कापा."

"आयला, भाऊसाहेब!" भिमाजीरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

पण राजनंदिनी खेळ सांगणारी होती, मुलगी नंतर. "डोक्यावर ड्रॅगन, अंगावर ठिणग्या आणि एका दमात चार सह्या," ती म्हणाली. "पंधराच्या वर पडले तरच शाई कागदाला लागेल. टाका, पप्पा."

मी फासा हातात घेतला. याच फाशानं मला तीन आठवड्यांपूर्वी कोथिंबीर निवडायला लावली होती. टाकला, तो असा काही जोरात की टेबलावरून उडाला, फरशीवर टणटणत गेला आणि सोफ्याखाली गडप झाला.

"कुणी हात लावायचा न्हाई!" झुंबरबाई गरजल्या. "हाय तसाच बगायचा!"

आम्ही सगळे जमिनीवर. भिमाजीरावांचं गुडघ्याचं दुखणं कुठल्या कुठं. सोफ्याखाली अंधार, त्यात सविताची हरवलेली हवाई चप्पल आणि गेल्या वर्षीचा एक लाडू. तेवढ्यात माझ्या शेजारी मोबाईलची बॅटरी लागली. भारती मॅडम, पुण्याच्या कंपनीच्या, पालथ्या पडून सोफ्याखाली डोकं घालून होत्या.

"सतरा!" त्या आतूनच ओरडल्या. "सतरा आहेत! शाई लागली!"

पुढचा अर्धा तास कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मीही ओरडत होतो. झुंबरबाईंनी जन्मभर फुंकलेली सगळी आग उलटी ओढून घेतली आणि ड्रॅगनच्या नरड्यातला जाळ विझवला. वाल्मिकनं त्याच्या शेपटीखालून गुहेची किल्ली मारली, रीतसर परवान्यावर. सवितानं भाजलेल्या गावकऱ्यांना पाला लावला. छगननं सगळ्या वाडीला ताटं बडवायला लावली, बिबट्याला हुसकावतात तशी, आणि शेवटी भिमाजीरावांच्या चौतीस इंची तलवारीचा घाव मानेवर बसला. फासा वीस. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला आलं की मॅच कुणाची आहे.

केस नीट करत भारती मॅडम खुर्चीवर बसल्या आणि आता चहा चालेल म्हणाल्या. "हा परवान्यांचा भाग पुस्तकात किती पानांचा आहे?"

"एक ओळ आहे," राजनंदिनी म्हणाली.

"वाढवा. हे कुठल्याच खेळात मी बघितलं नाही."

"परिशिष्टांसह की परिशिष्टांविना?" मी विचारलं. सवितानं मला चिमटा काढला.

"आपण छापू," मॅडम म्हणाल्या. "करार तुमच्या व्यवसायाच्या नावानं करावा लागेल. नोंदणी झालीय ना?"

राजनंदिनी खाली बघत होती. एवढ्या माणसांत ती सहज सांगू शकली असती, की माझ्या बापानं कागद दाबून ठेवलाय. आमच्या खात्यात कुणीही सांगितलं असतं.

"प्रक्रियेत आहे," ती म्हणाली.

तिनं मला सांभाळून घेतलं, हे माझ्या काळजाला लागलं. मी उठलो. टेबलाची काच उचलली, संमतीपत्र बाहेर काढलं. समासातले दोन्ही शेरे खोडरबरानं पुसले. शेरा पुसण्याचं काम मी सेवेत एकदाही केलेलं नाही. मग खाली सही केली, लांबलचक, वैजनाथ कारभारी शिरसाट अशी, सगळ्यांदेखत, आणि कागद पोरीच्या हातात दिला.

तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला, मी तिला लहानपणी शिकवलं होतं तसा, बोट ठेवून. डोळे पुसले. पुन्हा वाचला. मग माझ्या टेबलावरची लाल-निळी पेन्सिल उचलली, समासात काहीतरी लिहिलं आणि कागद मला परत केला.

'दिनांक नाही. त्रुटी पूर्ण करून सादर करावे.'

"भाऊसाहेब, खुर्ची घ्या," छगन म्हणाला आणि त्यानं खुर्ची पुढं सरकवली. मी बसलो आणि दिनांक टाकला. वेळसुद्धा टाकली. पाच वाजून पन्नास मिनिटं.